घटना एक की दोन? वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या विम्याचा वाद

११ सप्टेंबर २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी न्यूयॉर्कमधील वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यावर पहिले विमान आदळले आणि ९ वाजून ३ मिनिटांनी दक्षिण मनोऱ्यावर दुसरे. विमा कराराच्या दृष्टीने त्या सकाळी एक घटना घडली की दोन, या प्रश्नावर पुढे पाच वर्षे न्यायालयांत वाद चालला. उत्तर ‘एक’ असेल तर भरपाईची कमाल मर्यादा सुमारे साडेतीन अब्ज डॉलर होती आणि ‘दोन’ असेल तर ती सात अब्जांवर जात होती.

संदिग्ध शब्दाचा अर्थ लावण्याचे उदाहरण म्हणून हे प्रकरण नेहमी सांगितले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. ‘घटना’ या शब्दाचा अर्थ काय, या प्रश्नाशी येण्याआधी न्यायालयांना दुसराच प्रश्न सोडवावा लागला: पक्षांमध्ये झालेला करार नेमका कोणत्या कागदावर लिहिलेला आहे? बहुतेक विमा कंपन्यांच्या बाबतीत वादाचा निकाल याच पहिल्या प्रश्नावर लागला आणि शब्दाच्या अर्थाची चर्चा ज्युरीसमोर आलीसुद्धा नाही. विमा वादात संदिग्धतेचा मुद्दा उचलण्याआधी हे प्रकरण मुळापासून वाचावे, असे मला वाटते ते याच कारणाने.

व्यवहार असा होता. न्यूयॉर्क व न्यू जर्सी पोर्ट अथॉरिटीने जागतिक व्यापार केंद्राचे हे संकुल ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायचे ठरवले. लॅरी सिल्व्हरस्टीन यांच्या कंपन्यांनी कार्यालयीन इमारतींचा आणि वेस्टफिल्ड कंपनीने तळाच्या बाजारपेठेचा भाग घेतला. हा ३.२ अब्ज डॉलरचा व्यवहार २४ जुलै २००१ रोजी पूर्ण झाला, म्हणजे हल्ल्याच्या अवघे सात आठवडे आधी. मालमत्तेचा विमा उतरवण्याचे काम विलिस या ब्रोकर कंपनीकडे होते. एवढी जोखीम एकट्याने उचलणारी कंपनी मिळत नाही, त्यामुळे विमा थरांमध्ये विभागण्यात आला. सर्वांत खालच्या थरातील कंपन्या नुकसानाचा पहिला हिस्सा सोसणार, तो संपला की वरचा थर, त्यानंतर त्याच्या वरचा, अशी ती रचना होती. अशा दोन डझनांच्या आसपास कंपन्यांनी मिळून प्रत्येक घटनेमागे ३.५४६८ अब्ज डॉलरचे संरक्षण दिले. सर्वांत मोठा वाटा, सुमारे २२ टक्के, स्विस री या कंपनीचा होता.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो अजूनही फिरत असतो. सिल्व्हरस्टीन यांनी दहशतवादाविरुद्ध काही खास विमा ‘वेळेवर’ काढून ठेवला होता, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात २००१ पर्यंत अमेरिकेतील मोठ्या व्यावसायिक मालमत्तांच्या पॉलिसींमधून दहशतवादी कृत्य वगळण्याची पद्धतच रूढ नव्हती. इतर कोणत्याही आगीप्रमाणे किंवा स्फोटाप्रमाणे तेही आपोआप संरक्षणात येत असे. वगळण्याची कलमे त्या हल्ल्यानंतर आली, आणि म्हणूनच नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकी सरकारला दहशतवाद जोखीम विमा कायदा करावा लागला. भारतातही विमा कंपन्यांचा दहशतवाद जोखमीसाठीचा सामाईक निधी (‘पूल’) एप्रिल २००२ मध्ये सुरू झाला तो त्याच धक्क्यातून.

११ सप्टेंबरला सिल्व्हरस्टीन यांच्या हाती बहुतेक कंपन्यांची पॉलिसी नव्हती. होते ते ‘बाइंडर’. आपल्याकडची कव्हर नोट जे काम करते, तेच साधारण बाइंडरचे काम असते. जोखीम अमुक तारखेपासून स्वीकारली, आमचा हिस्सा इतका, हप्ता इतका, एवढे त्यात लिहिलेले असते आणि सविस्तर पॉलिसी मागाहून येते. हा व्यवहार त्या बाजारात सर्रास चालत होता. महिनोन्महिने पॉलिसी न निघणे ही कोणाला चूकही वाटत नसे. न्यूयॉर्कच्या कायद्यानुसार बाइंडर हा तात्पुरता असला तरी पूर्ण करार असतो आणि जे मुद्दे त्यात लिहिलेले नाहीत ते भरून काढण्यासाठी पक्षांनी आधी काय मजकूर एकमेकांना दाखवला होता, हे पाहिले जाते.

मजकूर मात्र दोन होते. विलिसने जोखीम बाजारात फिरवताना कंपन्यांना जी माहितीपुस्तिका पाठवली, तिच्यासोबत स्वतः तयार केलेला पॉलिसीचा नमुना होता, त्याचे नाव ‘विल्प्रॉप’. त्यात ‘घटना’ या शब्दाची व्याख्या होती. एका कारणामुळे किंवा एकाच प्रकारच्या कारणांच्या एका मालिकेमुळे, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे, जे जे नुकसान होईल ते सर्व एकत्र धरायचे आणि ते किती काळात किंवा किती क्षेत्रात झाले याचा विचार न करता एकच घटना मानायची, असा तिचा आशय होता. दुसरा मजकूर होता ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीचा. वाटाघाटी सुरू असताना ट्रॅव्हलर्सने विल्प्रॉपऐवजी आपलाच फॉर्म वापरण्याचा आग्रह धरला आणि विलिसने तो मान्य केला. या फॉर्ममध्येही भरपाईची मर्यादा ‘प्रत्येक घटनेमागे’ अशीच होती, पण घटना म्हणजे काय, हे त्यात कोठेही सांगितलेले नव्हते. ट्रॅव्हलर्सने आपली पॉलिसी प्रत्यक्षात निर्गमित केली ती १४ सप्टेंबर २००१ रोजी, हल्ल्यानंतर तीन दिवसांनी.

विल्प्रॉपची व्याख्या एवढी ऐसपैस का होती, हे समजून घेतले की या प्रकरणातील विसंगती नीट दिसते. ती व्याख्या विमा कंपनीच्या वकिलाने आपली जबाबदारी कमी करण्यासाठी लिहिलेली नव्हती. ती ब्रोकरने, म्हणजे विमाधारकाच्या बाजूने काम करणाऱ्याने लिहिली होती आणि एरवी ती विमाधारकाच्या फायद्याचीच असते. मोठ्या पॉलिसीत प्रत्येक घटनेमागे नुकसानाचा पहिला ठरावीक भाग विमाधारकाने स्वतः सोसायचा असतो. एका वादळाने एकाच मालकाच्या दहा इमारतींचे दोन दिवसांत नुकसान केले, तर दहा घटना मानल्यास तो भाग दहा वेळा सोसावा लागेल आणि एक मानल्यास एकदाच. बहुतेक दाव्यांत नुकसान मर्यादेच्या पुष्कळ खाली असते, त्यामुळे घटना जितकी मोठी धरावी तितका विमाधारकाचा लाभ. मर्यादाच अपुरी पडेल एवढे नुकसान झाले की हे गणित उलटते. सात आठवड्यांपूर्वी ज्या व्याख्येने सिल्व्हरस्टीन यांचे हित जपले असते, तीच आता त्यांच्या निम्म्या दाव्यावर उठली होती.

साहजिकच दोन्ही बाजूंनी उलट्या भूमिका घेतल्या. विमा कंपन्या म्हणू लागल्या की आमचा करार तुमच्याच ब्रोकरच्या विल्प्रॉप फॉर्मवर झाला आहे, आणि विमाधारक म्हणू लागले की वाटाघाटींच्या शेवटी सर्वांनीच ट्रॅव्हलर्सचा फॉर्म स्वीकारला होता. ऑक्टोबर २००१ मध्ये स्विस रीच्या समूहातील कंपनीने न्यूयॉर्कच्या संघीय जिल्हा न्यायालयात दावा दाखल करून घटना एकच असल्याची घोषणा मागितली. सुरुवातीला न्यायाधीश जॉन मार्टिन यांच्यासमोर आणि ते निवृत्त झाल्यानंतर न्यायाधीश मायकेल म्युकेझी यांच्यासमोर हे काम चालले.

मार्टिन यांनी हार्टफर्ड, रॉयल आणि सेंट पॉल या तीन कंपन्यांच्या बाबतीत ज्युरी न बसवता, कायद्याच्या मुद्द्यावरच निकाल दिला, आणि २६ सप्टेंबर २००३ रोजी ‘सेकंड सर्किट’ या संघीय अपील न्यायालयाने तो कायम केला. न्यायालयाने प्रत्येक कंपनीचा पत्रव्यवहार वेगवेगळा तपासला. या कंपन्यांपुढे जोखीम स्वीकारण्याच्या वेळी विल्प्रॉपचा मजकूर होता. ट्रॅव्हलर्सचा फॉर्म लागू करायचा, अशी त्यांनी संमती दिल्याचा पुरावा नव्हता. ब्रोकर आणि एक अन्य कंपनी यांच्यात काय ठरले, ते तिसऱ्या कंपनीवर तिच्या नकळत बंधनकारक होऊ शकत नाही. एकदा विल्प्रॉप लागू ठरले की पुढचा प्रश्न उरलाच नाही. एकाच सुसूत्र कटाचा भाग म्हणून सोळा-सतरा मिनिटांच्या अंतराने दोन विमाने एकाच संकुलावर आदळवली जाणे ही निदान ‘एकाच प्रकारच्या कारणांची मालिका’ आहे, याबद्दल कोणत्याही समंजस ज्युरीचे दुमत होऊ शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. येथे संदिग्धता नव्हती. व्याख्या लांबरुंद होती, पण लांबरुंद असणे म्हणजे अस्पष्ट असणे नव्हे. दाव्याच्या पत्रात हे दोन सरसकट एक केले जातात.

उरलेल्या कंपन्यांपैकी कोणती कोणत्या फॉर्मने बांधलेली होती, हे ठरवण्यासाठी २००४ च्या सुरुवातीला पहिली ज्युरी बसली. ई-मेल, फॅक्स, टेलिफोनवरील बोलण्याच्या नोंदी आणि अंडररायटरांच्या, म्हणजे विमा कंपनीतर्फे जोखीम स्वीकारायची की नाही हे ठरवणाऱ्यांच्या, साक्षी, असा तो पुरावा होता. एप्रिलअखेर आणि मेच्या सुरुवातीला निकाल आले. बहुतेक कंपन्या, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा असलेली स्विस री, विल्प्रॉपनेच बांधलेल्या होत्या. सिल्व्हरस्टीन यांचा सात अब्जांचा दावा येथेच मोडला.

शब्दाच्या अर्थाचा खरा वाद राहिला तो ट्रॅव्हलर्स आणि तिच्यासारख्या ज्या कंपन्या विल्प्रॉपने बांधलेल्या नव्हत्या त्यांच्यापुरता. विमाधारकांचे म्हणणे असे होते की व्याख्या नसलेल्या ‘घटना’ या शब्दाला न्यूयॉर्कच्या कायद्यात ठरलेला अर्थ आहे, म्हणून येथेही ज्युरीची गरज नाही, दोन विमाने म्हणजे दोन घटना. त्यांचा मुख्य आधार १९५९ चा न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा आर्थर ए. जॉन्सन कॉर्पोरेशनचा निकाल होता. त्या प्रकरणात एका कंत्राटदाराच्या खोदकामालगत शेजारशेजारच्या दोन इमारतींच्या तळघरांपुढे भिंती बांधलेल्या होत्या. मुसळधार पावसात पाणी साचले, एक भिंत कोसळली आणि तासाभराच्या आत दुसरी. पाऊस एकच, हलगर्जीपणाही एकच. तरीही न्यायालयाने दोन अपघात मानले. सर्वांचे मूळ कारण शोधत मागे जायचे नाही आणि नुकसान झालेल्यांची डोकीही मोजायची नाहीत. सामान्य माणूस ज्याला एक अनपेक्षित, दुर्दैवी प्रसंग म्हणेल तो मोजायचा, अशी ती कसोटी होती.

सेकंड सर्किटने हा आधार पूर्ण मान्य केला नाही आणि फेटाळलाही नाही. जॉन्सनचा निकाल दायित्व विम्याबद्दलचा (दुसऱ्याच्या नुकसानाची जबाबदारी आपल्यावर आली तर ती भरून देणाऱ्या विम्याबद्दलचा) आणि ‘अपघात’ या शब्दाबद्दलचा होता. ‘घटना’ हा शब्द प्रत्येक करारात त्या पक्षांच्या हेतूनुसार वाचावा लागतो आणि या वस्तुस्थितीला लावताना तो एकाहून अधिक वाजवी अर्थ देतो, म्हणून तो संदिग्ध आहे. संदिग्ध असल्यामुळे करार करताना पक्षांच्या मनात काय होते आणि त्या व्यवसायात हा शब्द कसा वापरला जातो, याचा पुरावा घेऊन ज्युरीने निर्णय द्यावा, असे न्यायालयाने ठरवले. ज्याची व्याख्याच नाही त्या शब्दाबद्दल विमाधारकाला थेट निकाल मिळाला नाही, आणि ज्याची व्याख्या होती त्याबद्दल विमा कंपनीला तो मिळाला.

मालमत्ता विम्यात घटना मोजण्याचे मार्ग तीन. नुकसानावरून मोजावे, तर इमारतींच्या संख्येइतक्या घटना होतील आणि ते हास्यास्पद ठरेल. दूरच्या कारणावरून मोजावे, तर कट एक म्हणून घटना एक. पण मग त्याच कटातील पेंटॅगॉनवरचे आणि पेनसिल्व्हेनियात कोसळलेले विमानही त्याच घटनेत येतील, आणि त्या ठिकाणांचाही विमा याच पॉलिसीत असता तर कंपनीने खरोखर तसे म्हटले असते का, हा प्रश्न उरतो. तिसरा मार्ग प्रत्यक्ष आघात मोजण्याचा. व्याख्या नसलेल्या फॉर्मपुरता मला हाच मार्ग योग्य वाटतो, कारण दुसरे विमान आदळले नसते तरी पहिल्याने उत्तर मनोऱ्याचे नुकसान पूर्णपणे झालेच असते. एकाचे असणे दुसऱ्यावर अवलंबून नव्हते. ६ डिसेंबर २००४ रोजी दुसऱ्या ज्युरीने ट्रॅव्हलर्ससह नऊ कंपन्यांच्या बाबतीत दोन घटना झाल्याचा निर्णय दिला. या नऊ कंपन्यांचा एकत्रित वाटा सुमारे १.१ अब्ज डॉलर होता, तो आता २.२ अब्जांपर्यंत गेला. १८ ऑक्टोबर २००६ रोजी अपील न्यायालयाने दोन्ही ज्युरींचे निर्णय कायम केले. एकाच सकाळी, एकाच संकुलात, एकाच विमाधारकाच्या बाबतीत काही कंपन्यांपुरती एक घटना घडली आणि काहींपुरत्या दोन. कायद्याला यात काही वावगे दिसत नाही, कारण त्याने मोजले ते करार.

संदिग्ध मजकुराचा अर्थ तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावावा, हा विमा वादातील सर्वांत परिचित नियम येथे फारसा उपयोगी का पडला नाही, असा प्रश्न कोणीही विचारील. न्यूयॉर्कच्या कायद्यात आधी पक्षांच्या हेतूचा बाह्य पुरावा पाहतात आणि तो पाहूनही उत्तर मिळाले नाही तरच या नियमाकडे वळतात. तो शेवटचा उपाय आहे. शिवाय ज्या फॉर्मवरून मोठा वाद झाला, तो विमाधारकाच्याच ब्रोकरने लिहिलेला होता, तेव्हा लिहिणाऱ्याच्या विरुद्ध अर्थ लावायचा तर तो कोणाच्या विरुद्ध गेला असता? छापील पॉलिसीवर सही करणाऱ्या दुकानदारासाठी घडवलेला हा नियम, दोन्हीकडे ब्रोकर, वकील आणि अंडररायटर असलेल्या व्यवहारात तसाच लावणे कठीणच होते.

भारतातील वाचकांनी याच संदर्भात जनरल अ‍ॅश्युरन्स सोसायटी विरुद्ध चांदमल जैन हा सर्वोच्च न्यायालयाचा १९६६ चा निकाल पाहावा. तो सहसा ‘संदिग्धता विमा कंपनीविरुद्ध’ या वाक्यासाठी उद्धृत होतो, पण त्यातला वाद कागदाचाच होता. मुर्शिदाबाद जिल्ह्यातील धुलियन येथे गंगेच्या काठावरील घरांचा विमा होता आणि पॉलिसी निघालेली नसून फक्त कव्हर नोट होती. नदी काठ पोखरू लागल्यावर कंपनीने संरक्षण रद्द केले आणि त्यानंतर घरे गेली. कव्हर नोटमध्ये कंपनीच्या नेहमीच्या पॉलिसीच्या अटी लागू राहतील असे असल्यामुळे रद्द करण्याची अटही त्यात आली, असे न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी ठरवले आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. संदिग्धता असेल तर अर्थ कंपनीविरुद्ध लावावा हे खरे, पण पक्षांसाठी नवा करार लिहिणे हे न्यायालयाचे काम नाही, असेही त्यात सांगितले आहे. या दुसऱ्या भागाचा उल्लेख तक्रार अर्जांत क्वचितच दिसतो. २००४ च्या हरचंद राय चंदन लाल प्रकरणातही न्यायालयाने हीच वाट धरली. घरफोडीच्या पॉलिसीत बळजबरीने प्रवेश झालेला असावा असे स्पष्ट लिहिलेले असताना, साध्या चोरीला भरपाई देण्यासाठी शब्द ताणता येणार नाहीत, असे ठरले.

वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दाव्याचा शेवट न्यायालयात झाला नाही. कमाल भरपाई सुमारे ४.६ अब्ज डॉलर ठरल्यानंतरही नुकसानाच्या मूल्यांकनावरून आणि पैसे देण्याच्या वेळेवरून वाद चालू राहिले. २३ मे २००७ रोजी न्यूयॉर्कचे गव्हर्नर एलियट स्पिट्झर आणि राज्याचे विमा अधीक्षक एरिक डिनालो यांच्या मध्यस्थीने उरलेल्या सात कंपन्यांनी दोन अब्ज डॉलरची तडजोड केली आणि एकूण भरपाई ४.५५ अब्जांवर थांबली.

बाजारातही बदल झाले. लंडनच्या बाजारात ‘आधी सौदा, तपशील मागाहून’ ही जी रीत होती, ती दोन वर्षांत मोडा, असे ब्रिटनच्या वित्तीय नियामकाने डिसेंबर २००४ मध्ये विमा उद्योगाला बजावले. न्यूयॉर्कच्या विमा खात्याने २००८ च्या परिपत्रकाद्वारे, जोखीम स्वीकारताना सर्व अटी ठरलेल्या असाव्यात आणि पॉलिसी साधारण तीस दिवसांत विमाधारकाच्या हाती पडावी, अशी अपेक्षा लिहून ठेवली. २४ जुलै २००१ ला ही अपेक्षा लागू असती, तर ऑगस्टच्या अखेरीपूर्वीच सर्व पॉलिसी निघाल्या असत्या आणि पहिल्या ज्युरीची गरज पडली नसती. त्या कोणत्या फॉर्मवर निघाल्या असत्या, हे मात्र विलिस आणि दोन डझन अंडररायटर यांना तेव्हाच एकमेकांशी बोलून ठरवावे लागले असते.